कोकणच्या किनाऱ्यावर टेलिफोटो झूम: स्टॅबिलायझर कधी लावायचा, कधी बंद करायचा

दूरचं जवळ आणणारी नवी टेलिफोटो झूम लेन्स घेताना दुकानदार स्टॅबिलायझरचं, म्हणजे हादरा सावरणाऱ्या यंत्रणेचं, बटण 'ऑन' करून देतो आणि पुढे ते कायमचं तसंच राहतं. जेटीवर ऑन, होडीत ऑन, ट्रायपॉडवरही ऑन. घरी जाऊन फोटो मोठे करून बघावेत, तर खडकावर बसलेला बगळा पिसापिसानं दिसतो आणि उडती घार पुसट. मग लेन्सच्या नावानं बोटं मोडायची.

लांबच्या लेन्सनं काढलेला फोटो हलतो त्याची कारणं चार. तुमचा हात हलतो, पायाखालची होडी हलते, समोरचा पक्षी किंवा माणूस हलतो, नाहीतर मधली हवा हलते. स्टॅबिलायझर पहिलं कारण चोख सांभाळतो, दुसरं थोडंफार. उरलेल्या दोन्हींपुढे त्याचं काही चालत नाही. तेव्हा बटणाला हात लावण्याआधी आत्ता नेमकं काय हलतंय हे बघायचं. पुढची सगळी कृती त्यावर ठरते.

आधी बटणं ओळखा

कॅननच्या लेन्सवर आयएस लिहिलेलं असतं, निकॉनवर व्हीआर, सोनीवर ओएसएस, सिग्मावर ओएस, टॅमरॉनवर व्हीसी. काम सगळ्यांचं एकच. लेन्स किती आणि कुठल्या दिशेला कलतेय ते आतले जायरो सेन्सर मोजतात आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवून प्रतिमा जागेवर धरतात. एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्याच्या बदलत्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आली ती १९९५ साली, कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये. शटर अर्धं दाबल्यावर येणारी बारीक घरघर याच यंत्रणेची. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली तर काही लेन्समध्ये खुळखुळ ऐकू येते. तो हा मोकळा गट असतो, काही तुटलेलं नसतं. मात्र शटरवरचं बोट सोडून घरघर थांबेपर्यंत कॅमेरा बंद करू नका आणि लेन्सही काढू नका.

ऑन-ऑफच्या शेजारी दुसरं बटण असेल तर ते जास्त महत्त्वाचं. कॅननवर तिथे १ आणि २ असे मोड असतात, महागड्या लेन्सवर ३ सुद्धा. मोड १ नेहमीसाठी. मोड २ पॅनिंगसाठी, म्हणजे आडव्या जाणाऱ्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवताना; त्यात फक्त वरखाली होणारा हादरा सावरला जातो. मोड ३ मध्ये यंत्रणा प्रत्यक्ष शटर उघडतं तेवढ्यापुरतीच काम करते. निकॉनच्या बऱ्याच लेन्सवर 'नॉर्मल' आणि 'अॅक्टिव्ह' असतं. अॅक्टिव्ह हे चालत्या गाडीतून किंवा होडीतून फोटो काढण्यासाठी आहे.

तुमची स्वतःची मर्यादा काढा

हे काम किनाऱ्यावर पोचल्याच्या पहिल्याच संध्याकाळी उरकून घ्या, पुढचे दिवस सुखाचे जातात.

जुना हिशेब असा: लेन्स जितक्या मिमीची, शटरचा वेग किमान एक भागिले तितका. कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल तर त्याचा गुणक धरायचा, निकॉन-सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांना १.५, कॅननला १.६. म्हणजे ३०० मिमीवर ४५० ते ४८०, साधारण १/५०० सेकंद. हा झाला स्टॅबिलायझरशिवायचा वेग. खोक्यावर 'चार स्टॉप' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १/५०० वरून १/२५०, १/१२५, १/६० आणि १/३० अशा चार पायऱ्या खाली उतरता येईल. पण तो आकडा ठरावीक चाचणीतला. भर उन्हात जेटी चढून आलेल्या, दम लागलेल्या माणसाचा हात त्या चाचणीत नसतो.

म्हणून पुळणीवर ओढून ठेवलेली एखादी होडी शोधा. पाण्यातली नको, ती डुलत असते. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला नोंदणी क्रमांक हे आपलं लक्ष्य. झूम पूर्ण टोकाला न्या, कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा हात लेन्सच्या खालून धरा. बटण अर्धं दाबा आणि थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आधी थोडं उडी मारतं आणि मग तरंगत स्थिर होतं, अर्ध्या-एक सेकंदात. ते स्थिर झाल्यावरच पूर्ण दाबा. घाईघाईत एका दमात बटण दाबणारे या यंत्रणेला कामाला लागायची संधीच देत नाहीत. १/५०० पासून खाली १/३० पर्यंत प्रत्येक वेगावर पाच-सहा फोटो घ्या, मागच्या पडद्यावर पूर्ण मोठे करून अंकांच्या कडा बघा. ज्या वेगावर बहुतेक फोटो धारदार आहेत तो तुमचा आकडा. माझ्या मते बहुतेकांचा १/१२५ च्या आसपास येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

समोरचं हलत असेल तर

खाडीच्या तोंडाशी सकाळी पाग (हातानं फेकायची जाळी) टाकणारा माणूस दिसला तर हा धडा एका जागी शिकता येतो. स्टॅबिलायझर लावून, १/१२५ वर त्याचा फोटो घ्या. गुडघाभर पाण्यातले त्याचे पाय, कमरेचा टॉवेल, मागची कांदळाची झाडं सगळं स्वच्छ येईल. हवेत उघडलेली जाळी मात्र धुराच्या पट्ट्यासारखी. तुमचा हात अजिबात हललेला नाही, हे ती कांदळं सांगतायत. आता वेग १/१००० करा. जाळीचा गोल, कडेच्या शिशाच्या गोळ्या आणि दोऱ्यावरून निथळणारे थेंब वेगवेगळे दिसतील. दुसऱ्या फोटोतली जाळी गोठवली ती शटरनं.

म्हणून हलत्या गोष्टींसाठी आधी वेग ठरवा, स्टॅबिलायझरचं नंतर. उभ्या बगळ्याला १/२५० पुरतो. चालणाऱ्या माणसांना १/५००. मासळी घेऊन बोटी बंदराला लागतात तेव्हा त्यांच्यावर घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारींना १/१६०० च्या खाली जाऊ नका. पाण्यावरून मासा उचलण्याचा क्षण हवा असेल तर १/२०००. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून वेग आणि छिद्र तुम्ही ठरवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. स्वस्त झूमचं छिद्र लांबच्या टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे आयएसओ चढणारच. थोडे दाणे चालतील, पुसट डोळा चालत नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, म्हणजे कॅननवर सर्व्हो, इतरांवर एएफ-सी.

इतक्या वेगाला स्टॅबिलायझर ठेवावा की काढावा यावर छायाचित्रकार तावातावानं भांडतात. १/१००० च्या वर फोटोत फरक नगण्य असतो, पण चौकट स्थिर राहिल्यानं पक्षी शोधणं आणि फोकसचा ठिपका त्याच्यावर धरणं सोपं जातं. मी चालू ठेवतो. घारीबरोबर कॅमेरा फिरवताना चित्र मागे ओढल्यासारखं वाटत असेल तर मोड २ किंवा ३ वर जा, तेही जमत नसेल तर सरळ बंद करा.

हिवाळ्यात कुरवांचे (सीगलचे) थवे पुळणीवर उतरलेले असतात. ते किनाऱ्याला समांतर उडाले की पॅनिंगचा सराव करून घ्या: मोड २, वेग १/८० ते १/१२५, कमरेतून वळायचं, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. पंख फिसकटलेले, डोकं धारदार असे फोटो मिळायला लागतात. बरेच वाया जातील, जाऊ देत.

होडीत बसल्यावर

डॉल्फिन बघायला सकाळची फेरी घ्या. तेव्हा मतलई असते, जमिनीकडून हलका वारा, पाणी शांत. दुपारी खारं वारं सुटलं की होडी नाचते आणि तुम्हीही. सकाळचा दुसरा फायदा उजेडाचा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे बघताना सूर्य पाठीशी आणि समोरच्या बोटीवर, पक्ष्यावर थेट उजेड. संध्याकाळी त्याच ठिकाणी सगळं काळ्या आकृत्यांमध्ये जातं.

इंजिनच्या होडीत काठावर कोपर टेकवण्याचा मोह होतो. टेकवू नका. इंजिनची बारीक थरथर लाकडातून थेट लेन्समध्ये येते आणि ती स्टॅबिलायझरला नीट पकडता येत नाही. पाठही टेकवायची नाही. फळीवर बसा, पाय फाकवून रोवा, कमरेच्या वरचं शरीर सैल सोडा. मालवणात होडीवाला सांगतोच, "भाऊ, बसान काढा फोटो." तो तुमच्या जिवासाठी सांगत असतो, पण फोटोलाही तेच लागू. निकॉन असेल तर अॅक्टिव्ह, बाकीच्यांनी मोड १, आणि वेग १/१००० च्या वर. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात, त्यात ही थरथर नसते. डुलणं असतं, ते हातानं आणि स्टॅबिलायझरनं मिळून सांभाळता येतं.

डॉल्फिन शोधताना झूम टोकाला नेऊन ठेवू नका. १००-१५० मिमीवर डोळा लावा, पाठ वर आली की मग आत जा. तो कुठे वर येईल हे कुणालाच माहीत नसतं आणि ३०० मिमीमधून दिसणारा समुद्राचा तुकडा अगदीच छोटा. होडीवाल्याला मागे लागायला सांगू नका. इंजिन बंद करून थांबलं तर ते बऱ्याचदा आपणहून जवळ येतात.

वेळासची पिल्लं

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. हंगामात पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा लोकांना दोरीच्या मागे उभं करतात, आणि ते योग्यच आहे. फ्लॅश बंद, अगदी फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवाही मेन्यूतून बंद करा. इथे टेलिफोटो आणि स्टॅबिलायझर दोघंही कामाला येतात: अंतर लांब, उजेड कमी आणि पिल्लू हळू. जमिनीवर बसा, कॅमेरा गुडघ्यावर टेकवा, वेग १/२०० ते १/२५०, आयएसओ ३२०० पर्यंत जाऊ द्या. पिल्लू दोन पावलं टाकून क्षणभर थांबतं. त्या थांब्यावर सलग तीन-चार फोटो घ्या.

ट्रायपॉड आणि दुपारची हवा

जुन्या लेन्समध्ये ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंदच करायचा. हादरा नसताना यंत्रणा तो शोधत बसते आणि स्वतःच चित्र हलवते. नव्या लेन्सना ट्रायपॉड ओळखता येतो, तरी सोबतच्या पुस्तिकेत बघून खात्री करून घ्या. पाय वाळूत दाबून पक्के करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. एका पायाच्या मोनोपॉडवर चालू ठेवायला हरकत नाही.

सूर्यास्तासाठी ट्रायपॉड लावणार असाल तर एक हिशेब उपयोगी पडतो. सेन्सरवर सूर्याचं बिंब मिमीत साधारण लेन्सच्या मिमीला १०९ नं भागलं की येतं. ३०० मिमीवर पावणेतीन मिमी. एपीएस-सी सेन्सरची उंची सोळा मिमीच्या आत, म्हणजे चौकटीच्या सहाव्या भागाएवढा सूर्य. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गाच्या तटामागे तो हवा असेल तर किल्ल्यापासून जितकं मागे जाल तितका सूर्य किल्ल्याच्या मानानं मोठा. तांबडा होऊन डोळ्याला सोसेपर्यंत एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे बघू नका.

दुपारी अकरानंतर दूरचा किल्ला किंवा दीपगृह ३०० मिमीवर कधीच धारदार येणार नाही. तापलेल्या वाळूवरची हवा लाटांसारखी उकळत असते. या वेळात जवळचं काढा: सुकत घातलेली मासळी, जाळी विणणारे हात. नाहीतर जेवून झोपा.

खारं वारं आणि लेन्सची नळी

स्वस्त झूममध्ये लेन्स फिरवली की नळी बाहेर येते, आणि आत जाताना तिच्यावरचं सगळं आत ओढून नेते. किनाऱ्यावरून परतताना ही नळी पूर्ण बाहेर काढून आधी ब्लोअरनं वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानं पुसा, नंतर कोरड्यानं, आणि मगच आत घ्या. क्रम उलटा केला तर वाळूनं नळी घासली जाते. लेन्सच्या तोंडावरचा हूड कायम लावलेला असू द्या, तुषार बऱ्यापैकी अडवतो. पुळणीवर लेन्स बदलू नका.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर काच धुक्यानं भरते. बॅग न उघडता अर्धा तास व्हरांड्यात ठेवा. कोकणात घर असेल आणि पावसाळाभर लेन्स तिथेच राहणार असेल तर ती चामडी पाकिटात किंवा कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, बुरशी हमखास. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. जेलचा रंग बदलला की तापवून किंवा बदलून घ्या. तांदळात ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ फटीत शिरतं.

जुनी लेन्स विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी झूम टोकाला नेऊन शटर अर्धं दाबा आणि दूरच्या एखाद्या उभ्या खांबाकडे बघत राहा. खांब तरंगून स्थिर झाला तर ठीक. तो थरथरत राहिला, एका बाजूला झटके देत सरकला किंवा आतून करकर ऐकू आली, तर स्टॅबिलायझर बंद करून पुन्हा बघा. बंद केल्यावर चित्र सुधारत असेल तर दोष त्या यंत्रणेत आहे. स्वस्त झूमची ही दुरुस्ती लेन्सच्या जुन्या किमतीच्या मानानं सहसा परवडत नाही, तेव्हा तसा भाव पाडून घ्या किंवा लेन्स परत द्या.