सागवानी देव्हाऱ्याला चपडीचं पॉलिश

सासूबाईंचा देव्हारा मी पहिल्यांदा पॉलिश केला तो मे महिन्यात, भर दुपारी, गच्चीवर. सोलापूरचं ऊन! पॉलिशचा कापडी बोळा टेकायचा अवकाश, स्पिरिट उडून जायचं, बोळा चिकटायचा, पट्टे उठायचे. त्यात चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, भिजवली होती पत्र्याच्या डब्यात. लोखंड लागलं की लाख काळवंडते, हे तेव्हा कुणाला ठाऊक! सगळं स्पिरिटनं पुसून काढावं लागलं.

आता मी जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की हे काम काढते. सकाळी, ऊन चढायच्या आत, पंखा बंद करून. पावसाळ्यात नकोच, दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते.

काचेच्या बरणीत अर्धा लिटर पॉलिशचं स्पिरिट, त्यात १०० ग्रॅम चपडी. झाकण लावून रात्रभर ठेवा, येता-जाता हलवा, सकाळी फडक्यातून गाळा. गॅस, समई जवळपास नको. लागेल तेवढंच भिजवा. बरणीत महिनोन्‌महिने राहिलेली चपडी नीट वाळत नाही, चिकचिकते. शंका आली तर काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा.

कुसुम, पळस, बोर या झाडांच्या फांद्यांवर किडे लाख करतात, तिचेच हे पापुद्रे. सासूबाई म्हणाल्या, देवाच्या घराला किड्याचं? म्हटलं, लाखेच्या बांगड्या चालतात की.

लाकूड आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग २२० नं घासा, रेषांच्या दिशेनंच. धूळ पुसून घ्या. बोळा म्हणजे आत कापूस, वर जुन्या धोतराचं धुऊन मऊ झालेलं कापड. चादरीचा तुकडा घेऊ नका, तंतू सुटतात. बोळा चपडीत भिजवून पिळल्यावर थेंब गळता कामा नये. पातळ तीन हात, दोन हातांच्या मध्ये अर्धा तास. एकदा फिरवलेल्या जागी ओलं असताना परत जायचं नाही. मोह होतो, पण तिथंच ओरखडा उठतो.

दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरनं अलगद घासून पुसा. मग चपडीत तेवढंच स्पिरिट मिसळून पातळ करा, बोळ्याला जवसाच्या तेलाचं एक बोट लावा आणि मराठी चारचा आकडा गिरवल्यासारखा हात फिरवत राहा. थांबायचं नाही, उचलायचा तो कडेवरूनच. सहा-सात हातांनंतर कोयऱ्यांच्या नक्षीत खिडकी दिसायला लागते.

आठवडाभर देव बाहेरच ठेवा. नंतरही निरांजनाखाली ताटली हवीच, लाख उष्णतेनं मऊ पडते.