नाताळच्या सुट्टीत सह्याद्रीत फुकट काय करता येतं, ते कसं शोधावं

डिसेंबर लागला की पुणेकराच्या मोबाइलवर तंबूंच्या जाहिराती सुरू होतात. पवना धरणाच्या काठी एक रात्र, शेकोटी, गाणी, माणशी इतके. चौघांच्या घराने हिशेब मांडला की सुट्टीचा बेत तिथेच मोडतो आणि पोरं आठवडाभर घरात बसतात. थंडीत डोंगरात जायचं तर पैसे मोजावेच लागतात, हा समज या जाहिरातींनी करून दिलाय. त्याच पवनेच्या डोक्यावर तुंग आणि तिकोना उभे आहेत, आणि ते चढायला तंबू लागत नाही.

जे फुकट असतं त्याची जाहिरात करून कोणाला काही मिळत नाही, म्हणून ते शोधल्यावर वर येत नाही. ‘पुण्याजवळ मोफत’ असं टाकून शोधणं आधी सोडा. पुन्हा तेच तंबू दिसतील. फुकटच्या गोष्टी तीन ठिकाणी सापडतात: भिंतीवरच्या कॅलेंडरात, एसटीच्या फलकावर आणि गावातल्या माणसाकडे. याच क्रमाने जायचं.

आधी कॅलेंडर

इंग्रजी तारखा नाही, तिथ्या बघा. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला डोंगरावरच्या आणि नदीकाठच्या देवळांतून दिवे लागतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून खंडोबाचं षड्‌रात्र बसतं आणि चंपाषष्ठीला उठतं. त्या दिवसांत जेजुरीला गर्दी असते हे खरं, पण गर्दी नको असेल तर वरच्या कडेपठारावर जा. चढ जास्त आहे, म्हणूनच तिथे निवांत बसता येतं. पुणे-मिरज मार्गावर जेजुरी स्टेशन आहे, त्यामुळे गाडीची चिंताही नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. पुरंदरच्या पायथ्याचं नारायणपूर त्या दिवशी माणसांनी भरलेलं असतं. तिथलं नारायणेश्वराचं यादवकालीन देऊळ नीट बघायचं असेल तर दत्तजयंती सोडून कुठल्याही साध्या वारी जा.

अमावास्याही बघून ठेवा. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात आणि मध्यरात्रीनंतर त्यांची संख्या वाढते. चांदणं असेल तर निम्मी मजा जाते, आणि त्या रात्री चंद्र कितपत असेल ते त्याच कॅलेंडरातल्या तिथीवरून कळतं. यासाठी रात्री शहरातल्या टेकडीवर जाऊ नका. अंधार पडल्यावर टेकड्यांवर थांबणं सुरक्षित नाही आणि खाली शहराचा उजेडही फार. भोर, मुळशी, जुन्नर, मावळ यांपैकी कुठे कोणाचं आजोळ असेल, तर त्या घराची गच्ची किंवा खळं याहून चांगली जागा नाही.

नोव्हेंबरातल्या दोन गोष्टी कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा, त्या छापलेल्या नसतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो: ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या. या आठवड्यात वनखातं आणि पक्षिमित्र मंडळी पक्षी दाखवायला लोकांना घेऊन जातात, बहुतेक वेळा पैसे न घेता. आणि १९ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह सुरू होतो. त्या दिवशी केंद्रीय पुरातत्त्व खातं आपल्या स्मारकांवर प्रवेश मोफत ठेवतं, तेवढी त्या वर्षीची घोषणा बघून घ्या. एरवी कार्ले आणि भाजे इथल्या लेण्यांना तिकीट आहे, पण १५ वर्षांखालच्या मुलांना ते कधीच लागत नाही.

मग ठिकाण, पण गाडीवरून

बहुतेक जण आधी गड ठरवतात आणि मग तिथे जायचं कसं ते शोधतात. उलटं करा. सार्वजनिक गाडी कुठवर जाते ते बघा आणि तिथून चालत गाठता येईल ते निवडा. स्वतःची गाडी काढली की पेट्रोल, टोल, पार्किंग मिळून फुकटचा दिवस चांगलाच महाग पडतो.

लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे, लोहगड, विसापूर चालण्याच्या अंतरात येतात. परतताना मात्र दुपारी लोकल विरळ असतात. सिंहगडाच्या पायथ्याला पीएमपीची बस जाते. अतकरवाडीहून पायवाटेने चढलात तर गाडीला घाटाच्या नाक्यावर द्यावं लागणारं शुल्क लागत नाही. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आजी, आई आणि दोन मुलं असा ताफा असेल तर भोर किंवा जुन्नरला जाऊन येणं शहरातल्या एका सिनेमापेक्षा स्वस्त पडतं.

लहान मुलं बरोबर असतील तर सासवडजवळच्या सोनोरीचा मल्हारगड घ्या. १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला, मराठ्यांनी बांधलेला शेवटचा गड अशी त्याची ओळख आहे. तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो उभारला आणि त्यांचा वाडा खाली सोनोरीत आहे. गड आटोपशीर आहे आणि चढ लहान, पाच वर्षांचं मूलही कुरकुर न करता वर जातं. चालायची सवय असलेल्यांनी भोरकडच्या रायरेश्वरला जावं. शिडी चढून वर गेलं की मोठं पठार लागतं. वर जंगम मंडळींची घरं आहेत आणि थंडीत गव्हाची शेतं.

मुलं जरा मोठी असतील तर जुन्नरपलीकडचा नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा. त्यात गायी, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे कोरलेले आहेत आणि अंक लिहिण्याच्या भारतातल्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि भिंतीवर अंक कुठे दिसतात ते शोधून कागदावर उतरवायला सांगा. भिंतीला हात लावायचा नाही, खडू फिरवायचा नाही. तासभर कोणी मोबाइल मागत नाही.

चढायचंच नसेल तर भिलार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकं मांडलेली असतात. कुठेही बसा, वाचा, पैसे नाहीत.

गावात विचारणं: बेत इथेच टिकतो किंवा फसतो

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात जास्त दमछाक इथेच व्हायची आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही. ‘जाण्यापूर्वी स्थानिकांशी संपर्क साधा’ एवढं एक वाक्य लिहून सगळे मोकळे होतात. कोणाशी? काय विचारायचं? आणि जे उत्तर मिळेल त्याचा अर्थ काय लावायचा?

कोणाशी, ते आधी. नकाशावर गडाच्या नावाजवळ पहिला जो फोन नंबर दिसतो तो बहुधा तंबूवाल्याचा असतो. तो त्याच्या धंद्याची माहिती देणार, त्यात त्याचं चुकलं असं नाही, पण तुमचं काम होत नाही. त्याऐवजी पायथ्याच्या गावातलं किराणा दुकान, जेवण करून देणारं घर किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई गाठा. गडावर ताक-लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी असतील तर फारच उत्तम. त्या रोज वर जातात, टाक्यात पाणी किती आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आता काय विचारायचं. ‘आलं तर चालेल का?’ असं विचारलं की मावळात एकच उत्तर मिळतं, ‘या की!’ हे आमंत्रण आहे, माहिती नाही. ‘लांब आहे का?’ असं विचारलं की ‘हे काय, इथंच तर हाय.’ मावशी खोटं बोलत नाहीत. त्यांच्या पायांना ते इथंच असतं, तुमच्या पायांना दीड तास. म्हणून हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. ‘मावशी, तुम्ही घरून किती वाजता निघता आणि वर किती वाजता पोचता?’ असं विचारा आणि आलेल्या वेळाची दुप्पट धरा. ‘टाक्यातलं पाणी तुम्ही स्वतः पिता का?’ असं विचारा. ‘पाणी आहे का’ याला ‘आहे’ हेच उत्तर येतं, मग ते शेवाळलेलं का असेना.

पैशाबद्दल स्पष्ट विचारा: ‘पावती कोण फाडतं?’ वनखात्याची किंवा वन समितीची पावती, ग्रामपंचायतीची पावती, पुरातत्त्व खात्याचं तिकीट, आणि कोणाच्या शेतात गाडी लावल्याचे पैसे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पायी येणाऱ्याला यातल्या बऱ्याच लागू होत नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत मात्र माणशी शुल्क असतं. भीमाशंकर, हरिश्चंद्रगड यांचा बेत करताना ते धरूनच चला. पैसे मागितले तर छापील पावती मागा, आणि ती मिळाली तर हुज्जत न घालता द्या.

आणि आता परतीची गाडी. पुण्याच्या माणसाचा दिवस सगळ्यात जास्त वेळा इथेच बिघडतो. तुम्ही विचारता, ‘संध्याकाळी एसटी आहे ना?’ उत्तर येतं, ‘हाय की, सातला येती.’ तुम्ही निर्धास्त. सातला गाडी येते, माणसं उतरतात, चालक इंजिन बंद करतो, वाहक तिकिटाचं यंत्र काखोटीला मारून उतरतो. ती मुक्कामी गाडी असते. रात्रभर गावातच थांबते आणि पहाटे निघते. गावाला तिचा उपयोग पहाटे तालुक्याला जाण्यासाठी आहे, तुम्हाला संध्याकाळी परत नेण्यासाठी नाही. म्हणून ‘शेवटची गाडी कधी येते’ असं कधीही विचारू नका. ‘गावातून तालुक्याला जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि मुक्कामी कुठली?’ असं विचारा. हा एक प्रश्न पाठ करून ठेवा.

दुसरी खोच सुट्टीची. आडगावच्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत, रविवारी, त्या धावत नाहीत, पण स्थानकाच्या फलकावर तशाच लिहिलेल्या राहतात. तुमची सुट्टी आहे म्हणूनच तुमची गाडी नाही, असं होतं. त्यामुळे फोनवर वार आणि तारीख सांगून विचारा: ‘दादा, २५ तारखेला शाळेला सुट्टी आहे, तरी तीनची गाडी येते का?’ तालुक्याच्या स्थानकातल्या चौकशी खिडकीवर हाच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तरच निघा. नाही जुळली तर गावाचं खरं माना, कारण गाडी येते की नाही हे रोज गाव बघतं.

तिसरी सोय म्हणजे आठवडे बाजार. बाजाराच्या दिवशी तालुका आणि गाव यांच्यात वडाप, म्हणजे माणसं भरून निघणाऱ्या खासगी गाड्या, दिवसभर चालू असतं, सामान घेऊन परतणाऱ्या जीपही असतात. एसटी डळमळीत असेल तर बेत बाजाराच्या वारीच करा. बाजार कुठल्या वारी, हे मावशीच सांगतील.

आणि एक. ज्यांनी फोनवर एवढी माहिती दिली त्यांच्याकडेच दुपारी पिठलं-भाकरी खा, भाव आधी विचारून. फुकट फिरायचं ते डोंगरात. गावातल्या माणसाच्या कष्टाचे पैसे द्यायचेच.

उरलेलं थोडक्यात

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाची टोपी थंडीतही. अत्तर लावून जाऊ नका आणि कड्याखाली धूर करू नका, आग्या मोहोळं असतात. वाळलेल्या गवतात काडी टाकू नका, वणवा लागतो.

नाताळच्या सुमारास पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दऱ्याखोऱ्यांत त्याआधीच अंधारून येतं. चारला गड उतरायला लागा. पुरंदरला जाणार असाल तर सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, तो लष्कराच्या ताब्यात आहे.

कुठेच जाणं जमलं नाही तर वेताळ टेकडी आहे. विधी महाविद्यालय रस्ता, पंचवटी, चतुःशृंगी कुठूनही चढा, सकाळी लवकर. खाणीच्या बाजूला मोर दिसतात. पाषाण तलावावर थंडीचे पाहुणे पक्षी याच दिवसांत असतात.

३१ डिसेंबरला संध्याकाळी गडाचा बेत करूच नका. पायथ्याला वनखातं आणि पोलीस अडवतात, आणि ते योग्यच आहे. १ तारखेला पहाटेच्या गाडीने निघा. सिंहगड तेवढा त्या दिवशी टाळा.