खोली घुमते म्हणून फोम चिकटवताय? या चुका टाळा

गाण्याच्या क्लासची, रेकॉर्डिंगची किंवा ऑनलाइन शिकवणीची खोली ‘साउंडप्रूफ’ करायची ठरली की बाजारातून एक इंची पिरॅमिड फोमचे चौकोन येतात आणि चारही भिंतींवर चिकटतात. मग तक्रारी सुरू होतात. आवाज दबल्यासारखा वाटतो, तरी डग्गा घुमतोच, आणि शेजारचा मिक्सर पहिल्याइतकाच ऐकू येतो. यातल्या मिक्सरच्या तक्रारीचा फोमशी काही संबंधच नाही, म्हणून ती आधी निकालात काढू.

शोषणं वेगळं, अडवणं वेगळं

दोन इंची फोम चौरस मीटरला जेमतेम दीड किलो भरतो. नऊ इंची विटांची भिंत चारशे किलोच्या वर. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. आवाज आत-बाहेर जात असेल तर आधी दार बघा. पोकळ फ्लश डोअर आणि खाली बोटभर फट असेल, तर बाकीचा खर्च वाया जातो. भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी आणि खाली उंबरठा, एवढ्यावर पैसे घाला. फोम फक्त खोलीच्या आतला निनाद कमी करतो.

पातळ थर, तोही भिंतीला चिकटवून

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रॉकवूल (दगडी धाग्यांचा थर), ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा थर), उघड्या छिद्रांचा फोम, जाड पडदा हे सगळे एकाच रीतीने आवाज शोषतात: हवा धाग्यांमधून पुढे-मागे सरकते, घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते. हवा सरकली तरच शोषण होतं. भिंतीला अगदी लागून मात्र हवा हलत नाही. ती सर्वात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हे अंतर १००० हर्ट्झला साडेआठ सेंटिमीटर आहे, १०० हर्ट्झला ८६ सेंटिमीटर. त्यामुळे चिकटवलेला एक इंची फोम ‘स’, ‘श’ आणि तानेची धार खातो, खर्जाला हातही लावत नाही. तबल्यावर हे लगेच कळतं: चाटेवरचा ‘ना’ बोथट होतो आणि डग्ग्याचा ‘घे’ तसाच रेंगाळतो.

उपाय सुताराकडून होतो. १०० मिमी खोलीची लाकडी चौकट, आत पुढच्या बाजूला ५० मिमी जाडीचं, घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेचं रॉकवूल, आणि मागे ५० मिमी मोकळी हवा. या रिकाम्या जागेला पैसे पडत नाहीत, पण शोषण खालच्या सुरांकडे सरकतं. मागे प्लाय ठोकू नका. वूल घसरू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या पुरतात. समोर मांजरपाट किंवा तसंच विरळ कापड. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हवा लागली तरच घ्या. रेक्झिन कितीही शोभिवंत असलं तरी ते वरचे सूर परत खोलीत फेकतं. वूल कापताना मास्क, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वूलवर ग्लास टिश्यूचा, म्हणजे काचधाग्यांच्या पातळ पापुद्र्याचा, थर घातला तर धागे बाहेर येत नाहीत.

खर्ज साचतो कोपऱ्यांत. तिथे ६० सेंटिमीटर रुंद पॅनेल तिरकं, जमिनीपासून छतापर्यंत उभं करा. मधोमध आपोआप ३० सेंटिमीटर खोली मिळते. हे चार कोपरे झाल्याशिवाय भिंतींवर आणखी काही लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एनआरसीच्या आकड्यावर विसंबणं

पाकिटावरचा एनआरसी म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या शोषणाची सरासरी. शून्य म्हणजे काहीच शोषत नाही, एक म्हणजे सगळं शोषतं. १२५ हर्ट्झ त्यात धरलेलाच नाही. दुकानदाराकडे पूर्ण तक्ता मागा आणि १२५चा रकाना वाचा. ५० मिमी वूल थेट भिंतीवर बसवलं तर ५०० हर्ट्झला साधारण ०.८ किंवा जास्त आकडा येतो, १२५ला कसाबसा ०.२.

अंदाजाने लावणं

हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून-काढून निनाद मोजला आणि सूत्र बसवलं: निनादकाल (आवाज विरायला लागणारे सेकंद) = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणाचा आकडा, यांची बेरीज. ४ × ३ × ३ मीटरची, टाइल्स आणि गिलाव्याची रिकामी खोली घ्या. घनफळ ३६ घनमीटर, शोषण सुमारे २.५ चौरस मीटर, म्हणजे निनाद २.३ सेकंद. अर्ध्या सेकंदावर आणायचा तर शोषण ११.६ चौरस मीटर लागेल. ०.९ शोषणाची पॅनेल सुमारे १० चौरस मीटर हवीत, म्हणजे १.२ × ०.६ मीटरची चौदा. गादी, पुस्तकांचं कपाट असेल तर कमी.

ही चौदा एकाच भिंतीवर लावू नका. समोरासमोरच्या दोन्ही भिंती उघड्या असल्या की टाळी वाजवल्यावर ‘टर्रर्र’ ऐकू येतं. प्रत्येक जोडीतल्या एका भिंतीवर, मध्ये जागा सोडून पॅनेल लावली की ते थांबतं. सुट्या पॅनेलच्या कडांमुळेही शोषण वाढतं, हा वरचा फायदा. छत विसरू नका.

जे शोषतच नाही

अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल. थर्मोकोलची छिद्रं बंद असतात, हवा आत शिरत नाही. छिद्रांच्या सीलिंग टाइल्सना ऑइल पेंट मारला की त्यांचीही तीच गत. पट्ट्यांची किंवा भोकांची शोभिवंत पॅनेल थेट भिंतीवर चिकटवली तर मागे हवा आणि वूल नसल्याने फक्त शोभा उरते.

प्लायचं पॅनेल बसवताना

पातळ प्लाय आणि मागची बंद हवा मिळून ठरावीक खर्ज खातात. चौरस मीटरला ३.६ किलोचा ६ मिमी प्लाय आणि मागे १० सेंटिमीटर हवा: वजन × मीटरमधलं अंतर याचं वर्गमूळ काढा आणि ६० ला त्याने भागा, म्हणजे १०० हर्ट्झ. चौकटीला फट राहिली किंवा आतलं वूल प्लायला टेकलं की काम बिघडतं. मधे जास्त पट्ट्या ठोकल्या तर प्लाय हलतच नाही.

मंगल कार्यालयासारख्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर साउंड जमवू नका. माणसं स्वतःच भरपूर आवाज शोषतात, त्यामुळे पंगत बसल्यावर सगळं बदलतं.

आग आणि ओल

साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० जण दगावले. फोम घ्यायचाच असेल तर आगीच्या चाचणीचा अहवाल मागा आणि पॅनेलमागे वायरचे जोड ठेवू नका. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल. तीही स्क्रूवर टांगलेली असावीत, म्हणजे दर वर्षी काढून मागची भिंत तपासता येते.