उपासनेत ओळखीच्या चालींचा उपयोग कसा करावा: सोलापुरातील मराठी मंडळ्यांसाठी

रविवारच्या उपासनेत मंडळी स्वतः गाते की गायकवृंदाचे गाणे नुसते ऐकते, हे बहुतेक वेळा गीताच्या शब्दांपेक्षा त्याच्या चालीवर ठरते. कानात मुरलेल्या चालीची पहिली ओळ पेटीवर वाजताच मागच्या बाकांवरूनही आवाज उठतो आणि वाचता न येणारी आजीसुद्धा चौथ्या कडव्यापर्यंत अडखळत नाही. हे बळ जाणीवपूर्वक कसे वापरावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. गीते निवडणारे पाळक, पेटीवादक आणि तरुण संघातील कार्यकर्ते यांच्यासाठी तो लिहिला आहे.

ओळखीच्या सुरांचा आधार घेणे ही उपासनेतील पळवाट नव्हे. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रांच्या मथळ्यांत जे शब्द येतात, उदाहरणार्थ 22व्या स्तोत्रावरील पहाटेच्या हरिणीचा उल्लेख, ती त्या काळी लोकांना ठाऊक असलेल्या चालींची नावे असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आल्यानेच ती माणसाला आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी 1968 साली प्रयोगांच्या आधारे मांडले. मंडळीच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे: चाल शोधण्यात लक्ष खर्च झाले नाही तर ते प्रार्थनेसाठी उरते.

मराठी ख्रिस्ती समाजाला या बाबतीत मोठा वारसा मिळाला आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांवर समाधान न मानता अभंग, ओवी आणि भजन यांच्या अंगाने गीते रचली. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहात त्यांचा आणि कृष्णराव सांगळे यांचा वाटा मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर असल्याने अभंगाची लय इथल्या माणसाच्या कानावर जन्मापासून पडते, मग तो कोणत्याही घरात वाढलेला असो. ही लय आपण वापरली नाही तर हाताशी असलेले साधन बाजूला ठेवून परके साधन शोधत बसण्यासारखे होईल.

आधी कान तपासावा

कोणते गीत ‘सर्वांना येते’ याविषयी गायकवृंदाचा अंदाज सहसा चुकतो, कारण गायकवृंद सरावाला येतो आणि मंडळी येत नाही. म्हणून एक वही करावी. उपासना सुरू होण्यापूर्वी लोक जमत असताना पेटीवर एखाद्या गीताची फक्त पहिली ओळ, शब्दांविना आणि काहीही जाहीर न करता, दोनदा वाजवावी आणि गुणगुणणे कोठून येते ते ऐकावे. पुढच्या बाकांवरील ज्येष्ठ, महिला मंडळ, शब्बाथशाळेची (रविवारच्या बायबल-वर्गाची) मुले आणि तरुण यांपैकी ज्यांनी साथ दिली त्यांची नोंद त्या गीतासमोर करावी. काही महिन्यांत असे दिसेल की चारही गटांची ओळख असलेली गीते अपेक्षेपेक्षा कमी आहेत. तीच तुमची खरी शिदोरी समजावी.

सोलापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि मंडळीत अशी घरे असतील तर त्यांनी लहानपणी ऐकलेल्या चाली निराळ्या असणार. त्यांच्या घरभक्तीत कोणती गीते म्हटली जातात हे विचारावे. एकच चाल दोन भाषांत गायली जात असल्याचे आढळले तर सणाच्या उपासनेत एक कडवे त्या भाषेत जरूर घ्यावे.

गीतांची निवड आणि नवे गीत शिकवणे

उपासनेचे पहिले गीत नेहमी चारही गटांच्या ओळखीचे असावे, कारण लोक घरातून, रहदारीतून, मुलांना आवरून आलेले असतात आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम त्याच गीताला करायचे असते. प्रभुभोजनाच्या वेळीही नवी चाल टाळावी. उठून पुढे जाताना कोणाच्याही हातात पुस्तक नसते. नव्या गीतासाठी उपदेशानंतरची जागा बरी, कारण वचनाचा विषय तेव्हा मनात ताजा असतो.

नवे गीत शिकवताना एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवावी. शब्द नवे असतील तर चाल जुनी असावी आणि चाल नवी असेल तर शब्द पाठ असलेले असावेत. 1551 साली जिनीव्हातील स्तोत्रसंग्रहात 134व्या स्तोत्रासाठी आलेली चाल पुढे इंग्रजीत 100व्या स्तोत्राला जोडली गेली आणि त्याच नावाने जगभर ओळखली जाऊ लागली, ती चाल आणि छंद जुळल्यामुळेच. मराठीत ही सोय अधिक सोपी आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. ‘ख्रिस्ता दयाघना, तुझिया पायासी, ठेव या दासासी, सर्वकाळ’ अशी ओळ मंडळीतील कोणीही रचू शकेल आणि ती अभंगाच्या कोणत्याही परिचित चालीवर भजनी ठेक्यात लगेच बसेल. मात्र चाल निवडताना ती ऐकल्यावर दुसरेच शब्द आठवणार नाहीत ना, हे पाहावे. नाताळच्या फेरीत चित्रपटगीतांच्या चालींवर शब्द बसवण्याची हौस माझ्या मते याच कारणासाठी सोडून द्यावी. गाणारा येशूचे नाव घेतो आणि ऐकणाऱ्याला नायिका आठवते. तसेच ज्यांनी प्रौढ वयात विश्वास स्वीकारला त्यांच्यापैकी काहींना विशिष्ट भजनी चाली जुन्या आयुष्याकडे ओढणाऱ्या वाटू शकतात, तेव्हा त्यांच्याशी आधी बोलून घेणे योग्य.

पट्टीकडे फार दुर्लक्ष होते. पेटीवादक स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि मंडळी ध्रुपदाच्या वरच्या ओळीला गप्प होते. मग गीत लोकांना येत नाही असा शेरा मारला जातो. म्हणून गीताची सर्वांत उंच ओळ आधी वाजवून पाहावी आणि तिचा वरचा स्वर स्त्रियांसाठी मधल्या सप्तकापुढच्या पांढरी दोनच्या (पेटीच्या सप्तकातील दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) वर जाणार नाही, अशा बेताने षड्ज, म्हणजे ‘सा’, ठरवावा. पुरुष तेच स्वर खालच्या सप्तकात गातात. एकदा ठरलेली पट्टी वहीत लिहून ठेवावी. लयही तीच ठेवावी, कारण तीन मात्रांच्या जुन्या गीताला दादरा तालाऐवजी केरवा तालात ओढले की लोकांच्या ओळखीची चाल हातची जाते.

ओळखीला एक धोकाही आहे. गीतातील अर्थापेक्षा आपण सुरानेच अधिक हेलावतो की काय, ही चिंता संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात व्यक्त केली आहे, आणि ती आजही खरी आहे. तोंडपाठ गीत यंत्रासारखे म्हटले जाते. यावर साधा उपाय म्हणजे एका कडव्यासाठी पेटी आणि तबला थांबवणे, किंवा गाण्यापूर्वी ते कडवे कोणीतरी संथपणे वाचून दाखवणे. दोन्ही उपाय एकाच रविवारी करू नयेत.

घरभेट आणि अंत्यविधी

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या भेटीला जाताना ही वही सर्वाधिक उपयोगी पडते. घरातल्यांची नावे विसरलेल्या व्यक्तींनाही बालपणी किंवा तरुणपणी पाठ झालेली गीते पुष्कळदा आठवतात. त्यांच्या तरुणपणीच्या काळातले एखादे गीत निवडावे, पट्टी नेहमीपेक्षा एक-दोन स्वर खाली घ्यावी, पेटी नेऊ नये आणि जाणाऱ्यांपैकी दोघांनीच गावे. ओळ म्हणताना शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबावे, म्हणजे तो शब्द त्यांना स्वतः उच्चारता येईल. त्यांनी उच्चारला नाही तर आग्रह न करता पुढे जावे. एक कडवे पुरते, कारण थकवा लवकर येतो.

स्मशानभूमीत वाद्य नसते आणि गीत कोणी सुरू करायचे हे ठरलेले नसते, त्यामुळे तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत सुरुवात होते. मोबाईलमध्ये षड्ज देणारे तंबोऱ्याचे ॲप ठेवावे, सुरुवात करणारी एकच व्यक्ती आदल्या दिवशी नेमावी, आणि कुटुंबाने सुचवलेले गीत वहीत दोनच गटांच्या ओळखीचे निघाले तर पहिले कडवे त्या व्यक्तीने एकट्याने म्हणून मंडळीला दुसऱ्यापासून सामील करून घ्यावे.