न धुतलेला रोल परदेशी पाठवताना

मालवण-वेंगुर्ल्याकडे रात्रीचा दशावतार टिपायचा तर ८०० किंवा ३२०० आयएसओचा फिल्म रोल लागतो. आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो. परदेशी जाणारं पार्सल वाटेत क्ष-किरणांनी तपासलं जाऊ शकतं, आणि त्या किरणांचा त्रास नेमका अशाच वेगवान रोलला सर्वांत जास्त. म्हणून शक्य असेल तर रोल मुंबई-पुण्यात धुऊन घ्या आणि निगेटिव्ह पाठवा. ब्लॅक अँड व्हाइट तर घरीही धुता येतो. एकदा धुतलेल्या फिल्मला क्ष-किरण काही करत नाहीत.

तसाच पाठवणं भाग असेल, तर काळजी घरापासून घ्या. न धुतलेल्या रोलवरचं चित्र उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू फिकं पडतं, आणि आपल्याकडे वैशाखात दोन्ही भरपूर. रोल कॅमेऱ्यातून निघाला की डबीत, डबी हवाबंद पिशवीत सिलिका जेलसकट, आणि पिशवी फ्रिजमध्ये. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ते ओल पिऊन बसलेत, बदला. पाठवायच्या दिवशी पिशवी बाहेर काढून दीड तास बंदच ठेवा. गार रोल लगेच उघडलात तर त्यावर दव धरतं.

पार्सल सोमवारी सकाळी द्या. शनिवारी दिलेलं पत्र्याच्या गोदामात तापत पडू शकतं.

खोक्यावर आणि कस्टमच्या फॉर्मवर ‘अनडेव्हलप्ड फिल्म, डू नॉट एक्स-रे’ असं ठळक इंग्रजीत लिहा. ही विनंती आहे, हमी नव्हे. म्हणून महत्त्वाचे रोल दोन पार्सलांत विभागा. शिशाच्या पिशवीवर विसंबू नका. आत काय आहे ते दिसलं नाही की खोकं पुन्हा तपासलं जातं, आणि किरणांचा परिणाम दर तपासणीला साठत जातो. सीटी स्कॅनर, म्हणजे सामानाची सगळ्या बाजूंनी चित्रं घेणारं क्ष-किरण यंत्र, तर एका फेरीतही फिल्म धुरकट करू शकतो: सावल्या करड्या होतात, दाणा वाढतो, कधी पट्टे उमटतात.

गणपतीला आलेलं कोणी दुबईला परत निघालं असेल, तर रोल त्यांच्या हाती देणं मला जास्त पटतं. रोल पारदर्शक पिशवीत, हातातल्या सामानात. चेक-इन बॅगेत कधीच नाही, तिथली यंत्रं फार तीव्र असतात. ‘हाताने तपासा’ असं प्रत्येक विमानतळावर शांतपणे सांगायला सांगा.

लॅबला प्रत्येक रोलचा आयएसओ आणि पुश करायचा (म्हणजे कमी उजेडात टिपलेला रोल जास्त वेळ धुवायचा) की नाही ते लिहून कळवा. पुश केल्यावर धुरकटपणाही वर येतो. निगेटिव्ह परत आल्या की त्यांना बुरशीपासून जपा. पावसाळ्यात त्या भिंतीतल्या कपाटात नकोत, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जेलसोबत ठेवा.