आयटीआय, डिप्लोमा, स्किल कोर्ससाठी पैसे कसे उभे करायचे: आधी खातं, मग दाखले, मग फॉर्म

माझ्या भाचीची डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पोर्टलवर तसं दिसतही होतं, पण पैसे काही खात्यात येईनात. कॉलेजात विचारलं तर आमच्याकडून झालंय, बँकेत विचारलं तर आधार लिंक आहे की. दोन महिने पोरगी नुसत्या फेऱ्या मारत होती, आणि शेवटी कळलं की पैसे केव्हाच जमा झालेत, आठवीत असताना शाळेने काढायला लावलेल्या खात्यात, ज्याचं पासबुकसुद्धा घरात सापडत नव्हतं.

म्हणून कुठली योजना मिळेल हे विचारायच्या आधी खातं बघा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नसतं. सरकारी पैसे आधार नंबरवर येतात आणि एका वेळी एकच खातं त्यासाठी सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारशी जोडलेलं असतं, तुम्ही फॉर्मवर कुठलाही खातेनंबर लिहा. माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून लॉगिन करा, बँक सीडिंग स्टेटस असं लिहिलेलं दिसेल, तिथे कुठली बँक येते ते बघा. जुनी बँक दिसली तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी, आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि काही दिवसांनी परत चेक करा. आधारला मोबाईल नंबर चालू आहे ना आणि मार्कशीटवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतंय ना हेही त्याच दिवशी बघून टाका.

दुसरं म्हणजे दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिल लागला की लगेच नवीन काढायला टाका. निकालानंतर सेतूत नुसती जत्रा असते, सर्व्हर बंद पडतो आणि लोक सकाळपासून ताटकळत बसतात. सोबत डोमिसाईल, जातीचा दाखला, ओबीसी किंवा एसईबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर, राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट, रेशन कार्ड, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा, वर्षभर लागत राहतं.

आता पैसे कुठून. पॉलिटेक्निकला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून, प्रवेश झाला असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज करायचा. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती असते. खुल्या वर्गात असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा, त्यात निम्मी ट्यूशन फी सुटते. मुलींसाठी तर जुलै २०२४ पासून मोठा फरक पडलाय, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर यातलं काही मिळत नाही. कोणी म्हणालं की राउंडची वाट कशाला बघता, आत्ता सीट देतो, तर आधी हा हिशोब करा.

मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असेल तर प्रगती शिष्यवृत्तीसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज जरूर करा, वर्षाला ५०,००० रुपये असतात, एका घरातल्या दोन मुलींना चालते. खूप जणींना ही माहीतच नसते.

आयटीआयचं गणित वेगळं आहे. सरकारी आयटीआयची फी मुळात कमी, खरा खर्च जाण्यायेण्याचा, जेवणाचा आणि रूमचा. तेव्हा पहिल्या आठवड्यातच संस्थेतून बोनाफाईड घ्या आणि एसटीचा विद्यार्थी पास काढा, जेमतेम एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. समाजकल्याणच्या वसतिगृहाला अर्ज करा, आणि अनुसूचित जातीचे असून तिथे नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेबद्दल समाजकल्याणच्याच ऑफिसात विचारा. वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता कुठल्या कोर्सला लागू आहे तेही बघून घ्या. खाजगी आयटीआयला जात असाल तर फी परताव्याची वेगळी योजना महाडीबीटीवरच व्यवसाय शिक्षण विभागाखाली सापडेल.

फॉर्म भरला म्हणजे संपलं असं मात्र समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे, आणि काही चुकलं तर सेंड बॅक होऊन तुमच्याकडे परत येतो. तो परत आलाय हे कोणी फोन करून सांगत नाही. मी भाचीला दर रविवारी लॉगिन करायला लावते, एकदा उत्पन्नाच्या दाखल्याचं स्कॅन पुसट आलं म्हणून परत आलेला, तिने त्याच दिवशी नवीन टाकला म्हणून मुदतीत बसला. पुढच्या वर्षी रिन्यूअल पण आपणच करायचं, आपोआप होत नाही.

वर्ष-दोन वर्षं थांबणं परवडणारच नसेल तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था, बघा. बँका चालवतात, जिल्ह्याच्या लीड बँकेत पत्ता मिळेल. शिवणकाम, मोबाईल रिपेअरिंग, घरगुती वायरिंग, शेळीपालन असले कोर्स, काही दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंत, आणि राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. घरात कोणी आधीच सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम करत असेल तर पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या केंद्राच्या योजनेत ट्रेनिंगचे दिवसाला ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, नोंदणी सीएससी केंद्रावर होते, घरातल्या एकालाच लाभ. आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप सोडू नका, रेल्वे, एसटी, महावितरण सगळे घेतात, स्टायपेंड मिळतो आणि हातात अनुभव येतो.

कर्ज सगळ्यात शेवटी. बँकांची स्किल लोन योजना आहे, २०२४ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेली, पण कोर्स मान्यताप्राप्त लागतो. आणि कोर्स चालू असतानाही व्याज चढतच असतं हे लक्षात ठेवा. खाजगी क्लासवाले शंभर टक्के नोकरीची हमी देऊन, फी हप्त्याने भरा म्हणत टॅबवर सही घेतात, तो हप्ता बऱ्याचदा कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि कोर्स सोडला तरी चालूच राहतं. आमच्या शेजारच्या मुलाचं नेमकं असंच झालं, तिसऱ्या आठवड्यात क्लास सोडला आणि वर्षभर हप्ते कापले गेले. सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा: कर्ज कोणाच्या नावावर आहे, कोर्स सोडला तर किती पैसे परत मिळणार, आणि सर्टिफिकेट कोण देणार. द्यायला टाळाटाळ केली तर उठून या.