बेस गिटारचा सराव खिशातल्या यंत्रावर करताय? या चुका टाळा

पुण्यात फ्लॅटमध्ये राहून बेस गिटार शिकायची तर पहिला प्रश्न शेजाऱ्यांचा येतो. साध्या गिटारचा आवाज दार लावलं की बराचसा अडतो. बेसचा खालचा सूर मात्र भिंतीतून, स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर पोचतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाकडे तर अँप्लिफायर ठेवायला जागाच नसते. म्हणून हेडफोनवर चालणारी छोटी सराव-यंत्रं आपल्याकडे इतकी उपयोगी पडतात.

ही यंत्रं ढोबळमानाने दोन प्रकारची. व्हॉक्सच्या अँपप्लगसारखं यंत्र थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतं, हेडफोनमध्ये बेसचा आवाज देतं आणि मोबाइलवरचं गाणंही त्यात मिसळू देतं. दुसरा प्रकार ट्रेनरचा. टॅस्कॅमने बेस शिकणाऱ्यांसाठी काढलेली यंत्रं या प्रकारातली. त्यांत सूर न बदलता गाण्याची लय कमी करता येते, हवा तो तुकडा लूपवर म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येतो, पट्टी हलवता येते, गाण्यातला मूळ बेस दाबून फिका किंवा गायबही करता येतो. हीच कामं करणारी मोबाइल ॲप्सही आता आहेत आणि पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

दोन्ही प्रकारची यंत्रं मला मनापासून आवडतात. पण गाणं ऐकण्याचं काम आपल्याऐवजी यंत्र करेल असं धरून चाललं की गडबड सुरू होते. शिकणाऱ्यांच्या ज्या अडचणी वारंवार दिसतात, त्यांतल्या बऱ्याच तिथूनच येतात.

लहान इअरफोनवर बेस शोधणं

ही चूक सर्वांत जास्त वेळ खाते, म्हणून आधी तीच. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्‌झचा ई वाजतो. पुढच्या तारा ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८ हर्ट्‌झच्या. मोबाइलचा स्पीकर हे सूर जवळजवळ वाजवतच नाही आणि स्वस्त इअरफोन त्यांची नुसती चाहूल देतो. कानापर्यंत पोचतात ते त्या सुराचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप वाजणारे दुप्पट, तिप्पट हर्ट्‌झचे सूर. ई वाजत असेल तर ८२.४ आणि १२३.६ हर्ट्‌झचे. त्यावरून मूळ सूर कोणता याचा अंदाज मेंदू बांधतो, आणि तो बऱ्याचदा बरोबर असतो. पण नवशिक्याचा कान कधीकधी १२३.६ हर्ट्‌झवरच अडकतो. हा सूर बीचा, म्हणजे ईला सा धरलं तर त्याचा पंचम. मग वहीत ईच्या जागी बी लिहिला जातो.

ही चूक लक्षात येणं अवघड, कारण सा आणि प यांचं जमतं. काही बेसूर वाटत नाही, फक्त गाणं पोकळ वाटतं, पायाखालून जमीन सरकल्यासारखं. असं वाटलं की त्या जागी तुम्ही लिहिलेला सूर सा धरून त्याचा सा आणि प असे दोन्ही सूर आलटून पालटून वाजवा, मग त्याच्या खालचा म म्हणजे मंद्र मध्यमही वाजवून पाहा. ज्या सुरावर गाणं टेकतं तो खरा.

कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घ्या. तो महागच हवा असं नाही. ट्रेनरमध्ये किंवा ॲपमध्ये पट्टी पूर्ण सप्तक वर नेण्याची सोय असेल तर अवघड तुकडा एकदा तसा ऐका. ४१ हर्ट्‌झचा सूर ८२ वर आला की तो कोणता हे चटकन कळतं. गाणारे तेव्हा कार्टूनसारखे चिरकतात, तिकडे दुर्लक्ष करा.

आणि वाजवण्याआधी बेसची ओळ गुणगुणा. पुण्यात बेसकडे वळणारी कितीतरी मुलं लहानपणी पेटीच्या किंवा तबल्याच्या क्लासला जाऊन आलेली असतात. त्यांनी तर ती सरगममध्येच म्हणावी. एखादी जागा म्हणता येत नसेल तर ती अजून नीट ऐकलेली नाही, असं समजून लूप पुन्हा लावावा.

लय फार खाली नेणं

यंत्रावर पन्नास टक्क्यांचं बटण आहे म्हणून ते दाबायलाच हवं असं नाही. सूर न बदलता लय कमी करताना यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करतं आणि ते एकमेकांवर थोडे चढवून लांबवतं. ४१ हर्ट्‌झच्या सुराचं एक आवर्तन पुरं व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. वरच्या सुरांची आवर्तनं याहून कितीतरी छोटी, त्यामुळे लय फार उतरली की खालचे सूर आधी बिघडतात. तार छेडल्याचा ठोका दुहेरी ऐकू येतो, सूर थरथरतो. मुलं मग एका ठोक्याचे दोन ठोके समजून तसेच वाजवतात. सूर ओळखण्यापुरतं पन्नास टक्क्यांवर जा, पण सराव सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांपासून सुरू करा आणि पाच-पाच टक्क्यांनी वर या. सत्तरलाही जमत नसेल तर तुकडा छोटा करा.

याहून मोठा घोटाळा बोटांचा. हळू लयीत कुठलंही बोट कुठेही पोचतं. पहिल्या फ्रेटवरून, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्टीवरून, सातव्यावर उडी मारायलाही भरपूर वेळ मिळतो. तशीच सवय लागते आणि ९० टक्क्यांच्या पुढे गाडी अडते. मग माणूस आणखी तास-तास तेच घोटत बसतो. त्याचा उपयोग नाही. बोटं कुठे पडणार हे आधी मूळ लयीत, एकेका मात्रेचा तुकडा घेऊन ठरवा. त्यानंतरच लय उतरवा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. बेसमध्ये सूर कधी सुरू झाला याइतकंच तो कधी थांबला हे मोलाचं असतं. लय अर्धी केली की तुटक सूरही लांब वाटतो, हात तो लांबच शिकतो, आणि पुढे पूर्ण लयीत ढोलकीच्या किंवा ड्रमच्या ठोक्याखाली हवी ती मोकळी जागा उरत नाही. नुसत्या सुटलेल्या जागा ऐकण्यासाठी तो तुकडा एकदा वेगळा ऐका.

लूप चुकीच्या जागी कापणं

अवघड चार सूर आहेत म्हणून लूप बरोब्बर त्या चार सुरांपुरताच लावला जातो. त्यामुळे त्या जागेत शिरायचं कसं आणि तिथून बाहेर यायचं कसं, याचा सराव कधी होतच नाही. शिवाय लूपचं टोक किंचित आधी कापलं गेलं तर दर फेरीला लय एक हिसका देते आणि तो हिसका हातात मुरतो. 'तू तिथे दर वेळी पळतोस' असं साथीदार एकाच जागेबद्दल सांगत असतील तर आधी लूप तपासा.

लूप एक आवर्तन आधी सुरू करा आणि पुढच्या समेवर संपवा. केरवा असेल तर आठ मात्रांचं, दादरा असेल तर सहा मात्रांचं पूर्ण आवर्तन मोजा. डोळे मिटून टाळी देत लूप फिरू द्या. सम दर वेळी टाळीवर आली तरच गिटार हातात घ्या.

बेस दाबायचं बटण लगेच दाबणं

मूळ बेस गायब करून त्या जागी आपण वाजवायचं, यात मजा आहे हे खरं. पण भाग पक्का नसताना ते केलं की चूक दाखवणारं कुणी उरत नाही. आधी बेस उठावदार करून ऐका, मग त्याच्यासोबत वाजवा, आणि तुमचा सूर मूळ सुरात विरघळून वेगळा ऐकू येईनासा झाला की मगच तो दाबा.

हे बटण अनेकदा 'चालत नाही', आणि त्यामागे सहसा यंत्राचा दोष नसतो. अशी बरीच यंत्रं डाव्या आणि उजव्या बाजूला सारखंच असलेलं, म्हणजे मधोमध ठेवलेलं, वजा करतात. बेस सहसा मधोमध असतो, पण गायक आणि ड्रमही तिथेच असतात, त्यामुळे तेही फिके पडतात. जुनं मोनो गाणं असेल तर दोन्ही बाजू एकसारख्याच, त्यामुळे बटण दाबताच जवळजवळ सगळं गाणंच नाहीसं होतं. आपल्या जुन्या मराठी-हिंदी चित्रपटगीतांचं हेच होतं. याउलट १९६० च्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये बेस पूर्ण एका बाजूला असतो. तिथे हे बटण निरुपयोगी, पण बॅलन्स दुसऱ्या बाजूला फिरवला की काम झालं. खूप दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीमध्ये बेस गेल्यावर पाण्याखालून आल्यासारखा आवाज उरतो. त्यावर इलाज चांगल्या दर्जाची फाइल हाच.

गाण्याची पट्टी आपल्या सोयीने बदलणं

ए-फ्लॅटमधलं गाणं एक बटण दाबून एमध्ये आणलं की मोकळ्या तारा वापरता येतात, हात सुखावतो. मग कार्यक्रमाच्या तालमीला गायिका येते आणि सांगते, 'मी काळी चारमध्ये गाणार.' काळी चार म्हणजे तोच ए-फ्लॅट! आपल्याकडच्या गाण्याच्या कार्यक्रमांत पट्टी गळ्याप्रमाणे ठरते आणि ती ऐन वेळीही बदलते. त्यामुळे पट्टीच्या बटणाचा उपयोग उलट दिशेने करा. भाग मोकळ्या तारांशिवाय बसवा आणि मग तोच काळी चार, पांढरी सहा, काळी पाच असा अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकवत वाजवा.

जुनं गाणं दोन पट्ट्यांच्या अधेमधे असेल तर गिटारचे कान पिळू नका. टेप किंवा कॅसेटच्या वेगातल्या फरकामुळे असं होतं. ट्रेनरमध्ये पट्टी बारीक हलवण्याची सोय असते, तिथे गाणं सरकवा आणि गिटार ट्यूनरने सुरात लावलेलीच ठेवा.

वायर, सेल आणि खरखर

ब्लूटूथचा गोंधळ पुष्कळांना होतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे बोट वाजवतं आणि कान जवळजवळ पाव मात्रा किंवा त्याहूनही मागे ऐकतो. तशा हेडफोनवर लय सुधारणं शक्यच नाही. मोबाइलवरचं गाणं ब्लूटूथने यंत्रात आणायला मात्र हरकत नाही, कारण तुम्ही जे ऐकता त्याच्याच जोडीने वाजवता.

चार्जर लावून वाजवताना सतत घूं ऐकू येत असेल तर तो विजेचा आवाज आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ही घरघर ५० आणि १०० हर्ट्‌झवर येते. जाड तारेवरचा तिसरा फ्रेट ४९ हर्ट्‌झचा आणि मोकळी जी ९८ ची. हे सूर त्या घरघरीशी इतके जवळ आहेत की ते वाजवताना आवाज हेलकावे खातो आणि तार खराब झाली असं वाटतं. तार बदलण्याआधी चार्जर काढून सेलवर वाजवून बघा.

तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, अॅडॉप्टर आणणार असाल तर यंत्रावरची खूण मोबाइलमध्ये टिपून न्या. गिटारच्या ९ व्होल्टच्या अनेक उपकरणांना मधला टोक ऋण लागतो आणि बाजारातल्या साध्या अॅडॉप्टरचा मधला टोक बहुधा धन असतो. व्होल्ट आणि ध्रुव तंतोतंत जुळायला हवेत. मिलिअँपिअर जास्त असले तर चालतात.

गिटार अॅक्टिव्ह असेल, म्हणजे तिच्यात स्वतःचा सेल असेल, तर जॅकमध्ये पिन असेपर्यंत तो खर्च होत राहतो. वाजवून झाल्यावर छोटं यंत्र जॅकमधून काढून ठेवा. पावसाळ्यात जॅक खरखरला तर पिन कोरड्या कापडाने पुसा, तरीही खरखर राहिली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. आवाज एकाच कानात येत असेल तर हेडफोनची पिन पूर्ण आत गेली आहे का आणि मधला कन्व्हर्टर मोनो तर नाही ना, हे बघा.

आवाज चढवत नेणं

खालचे सूर कानाला मुळातच कमी जाणवतात, म्हणून बेस वाजवणारा हेडफोनचा आवाज नकळत चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची आहे, आणि आवाज जसा वाढेल तसा हा वेळ झपाट्याने घटतो. बेस ऐकू येत नसेल तर आधी गाणं कमी करा. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी पुन्हा हेडफोन लावू नका, आणि ती थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

यंत्रावर जमतं, तालमीत नाही

हेडफोनमधला घोटीव आवाज डाव्या हाताचे दोष झाकतो. बोट उचलताना सुटलेली तार, फ्रेटवरची खडखड हे सगळं मोठ्या अँपवर उघडं पडतं. म्हणून रोज थोडा वेळ यंत्रावरचे इफेक्ट बंद ठेवून वाजवा. गाण्यासोबत वाजवताना आपला आवाज ड्रमच्या किंचित खाली ठेवा. स्वतःला मोठ्याने ऐकणारा माणूस ठोक्याकडे लक्ष देत नाही.

दुसरी अडचण लयीची. यंत्रातलं गाणं दर वेळी एकसारखंच वाजतं, ढोलकीवाला मात्र रंगात आला की थोडा पुढे सरकतो आणि गायक ओळ संपवताना रेंगाळतो. त्याची तयारी यंत्रावरच करता येते. तालीम सुरू असताना मोबाइल ढोलकीजवळ ठेवून, सगळ्यांना विचारून, रेकॉर्डिंग करा. घरी तेच रेकॉर्डिंग ट्रेनरमध्ये भरा आणि मूळ गाण्याऐवजी पुढच्या तालमीपर्यंत त्याच्यासोबत वाजवा.